मागची स्प्रिंग तुटली: जुन्या सलून गाडीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा घरी बदलण्याविषयी

लांबचीवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे अकरा वर्षांपासून एक जुनी मोठी सलून (वेगळ्या डिकीची चार दारांची गाडी) आहे. गाडीचं वय पंचविशीच्या पुढे, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, मागे मल्टिलिंक सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक अनेक वेगवेगळ्या दांड्यांनी धरलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वयाच्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं, आणि चर्चा कंपनीकडे वळायला नको.

परवा पहाटे गाडी जागच्या जागी उभी होती. कोणी हातसुद्धा लावला नव्हता. एकदम मोठा आवाज झाला, लोखंडी पहार फरशीवर आपटावी तसा. मला वाटलं फळीवरून काहीतरी पडलं. सकाळी गाडी काढली तर पहिल्याच गतिरोधकावर मागून उजवीकडे खट्ट वाजलं. उतरून पाहिलं तर तो कोपरा बसलेला.

सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. डावीकडे 362 मिमी, उजवीकडे 334. खाली वाकून टॉर्च मारला. खालच्या आर्ममध्ये (चाकाला गाडीशी जोडणारा, वरखाली हलणारा दांडा) स्प्रिंग ज्या वाटीत बसते, त्या वाटीत साधारण सव्वा वेढ्याचा तुकडा सुटून पडलाय. उरलेली स्प्रिंग त्याच्या बाजूने खाली सरकून तिरकी टेकली आहे.

मी आजवर ब्रेक पॅड, डिस्क आणि एकदा चारही शॉकअप स्वतः बदललेत. स्प्रिंगला मात्र कधी हात लावलेला नाही. एकच स्प्रिंग बदलली तर चालेल का? हे काम घरी करण्याजोगं आहे का? आणि तोवर गाडी हळूहळू चालवली तर काय बिघडेल?

---

पानाबारा

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो आजचा आहे. गाडी चालवू नका. तुटलेलं टोक चाकूसारखं असतं आणि आता त्याला धरून ठेवणारं काही उरलेलं नाही. प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग थोडी फिरते. आज ती वाटीत आहे, उद्या वाटीच्या कडेवर चढेल. शेजारून ब्रेकचा रबरी होज आणि एबीएसची वायर जाते. दुसऱ्या बाजूला टायर आहे. यापैकी काय आधी सापडेल ते सांगता येत नाही.

दोन्ही स्प्रिंगा बदला. एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला पंचवीस वर्षं दबलेली स्प्रिंग ठेवली की गाडी एका अंगाला कलते, आणि वळणावर डावीकडे वेगळी, उजवीकडे वेगळी वागते. दुसरी गोष्ट, डावी स्प्रिंगही त्याच रस्त्यांवर, त्याच पाण्याचिखलात तितकीच वर्षं राहिली आहे. ती अजून तुटली नाही एवढंच.

घरी करता येईल का, हे तुमच्याकडे कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) कुठला आहे त्यावर ठरेल. त्याबद्दल सविस्तर लिहितो, पण आधी गाडी जॅकवर घेऊन वाटीचा जवळून फोटो टाका.

---

नवशिका

माझा प्रश्न बाळबोध असेल, पण उभ्या गाडीची स्प्रिंग तुटतेच कशी? जोर तर खड्ड्यात बसतो ना?

---

धातुवेडा

प्रश्न चांगला आहे. स्प्रिंग उभ्या गाडीतही कायम ओझं वाहत असते. मागच्या एका चाकावर समजा साडेचारशे किलो भार आहे. मल्टिलिंकमध्ये स्प्रिंग चाकापाशी नसते, आर्मच्या मधोमध कुठेतरी असते. तरफेच्या नियमाने तिच्यावरचा भार चाकावरच्या भारापेक्षा जास्त येतो. स्प्रिंग आर्मच्या आतल्या सांध्यापासून 65 टक्के अंतरावर असेल तर साडेचारशेचे जवळजवळ सातशे किलो होतात. गाडी रस्त्यावर धावो की रात्रभर उभी राहो, हे सातशे किलो तिथे असतातच.

आता तुटण्याची गोष्ट. वेटोळ्याची स्प्रिंग दाबली की तिची तार वाकत नाही, पिळली जाते. हा पीळ तारेच्या पृष्ठभागावर सगळ्यात जास्त असतो, त्यातही वेढ्याच्या आतल्या अंगाला. म्हणून स्प्रिंगचं आयुष्य तिच्या कातडीवर असतं. कारखान्यात स्प्रिंगवर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करतात, त्याला शॉट पीनिंग म्हणतात. त्याने वरचा काही दशांश मिलिमीटरचा थर आतल्या आत दाबलेला राहतो आणि भेग उघडायला विरोध करतो. त्यावर फॉस्फेट आणि एपॉक्सीचा लेप.

शेवटचा वेढा रबरावर टेकलेला असतो. तिथे वाळू अडकते. गाडी हलली की ती वाळू पॉलिश पेपरसारखी लेप घासते. लेप गेला की पाणी धातूला लागतं, गंजाचा खड्डा पडतो. खड्डा पीनिंगच्या थरापेक्षा खोल गेला की संरक्षण संपलं. तिथून भेग निघते आणि प्रत्येक धक्क्याला केसभर पुढे सरकते. शेवटी उरलेला धातू ते सातशे किलो पेलू शकत नाही. तो क्षण खड्ड्यात येऊ शकतो, तसाच थंड पहाटे गाडी उभी असतानाही येऊ शकतो.

धागाकर्तीला विनंती, तुकडा काढलात की तुटलेल्या तोंडाचा फोटो टाका. पुसू नका, तेल लावू नका, दोन तोंडं एकमेकांना जोडून पाहू नका. त्याने खुणा मिटतात.

---

गॅरेजवाला

इतका बाऊ करण्याचं काम नाही. आर्मखाली जॅक लावायचा, शॉकअपचा खालचा बोल्ट काढायचा, जॅक हळूहळू सोडायचा, स्प्रिंग सैल होऊन हातात येते. कंप्रेसर लागतच नाही. मी अशा कित्येक केल्या आहेत.

---

पानाबारा

गॅरेजवाले, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. कृपया नवीन वाचकांसाठी हा फरक नीट मांडूया.

सेमी-ट्रेलिंग आर्मच्या, म्हणजे चाक एकाच मोठ्या तिरक्या आर्मवर असणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ 1979 ते 1991 मधली मर्सिडीज डब्ल्यू126, आर्म मोठा असतो आणि बराच खाली येतो. तिथे आर्म उतरवून स्प्रिंग काढता येते. फक्त ॲक्सल शाफ्टचे (चाकाला ओढ पोचवणाऱ्या दांड्याचे) सांधे त्यांच्या मर्यादेबाहेर वाकणार नाहीत हे पाहावं लागतं. मल्टिलिंकची गोष्ट वेगळी. मर्सिडीजने 1982 मध्ये 190 या मॉडेलला पाच लिंकांची मागची रचना दिली, पुढे ती डब्ल्यू124 मध्ये आली. त्यात स्प्रिंग आर्मच्या खोल वाटीत असते आणि चाक पूर्ण लोंबकळलं तरी तिच्यात बराच दाब शिल्लक राहतो. शॉकअपच आर्मला खाली जाण्यापासून अडवत असतो. त्याचा बोल्ट काढला की सगळा भार तुमच्या जॅकच्या बशीवर आला. आणि आर्म सरळ खाली येत नाही, गोलाईत फिरतो. बशी सरकते.

आकडा मांडतो म्हणजे अंदाज येईल. 60 न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग 100 मिमी दाबलेली असेल तर तिच्यात 300 जूल ऊर्जा असते. दहा किलोचा धोंडा तीन मीटरवरून पडतो तेवढी. ती सगळी एका क्षणात तुमच्या तोंडासमोर सुटते.

---

गॅरेजवाला

मान्य. मी केल्या त्या बहुतेक ट्रेलिंग आर्मच्याच होत्या. एका मल्टिलिंकला जॅक सटकला होता, स्प्रिंग भिंतीवर जाऊन आदळली, नशिबाने समोर कोणी नव्हतं. ते आधीच लिहायला हवं होतं. नवीन माणसाने माझ्या पद्धतीने करू नये.

---

पानाबारा

हे मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आभार. याने कोणाचा तरी हात वाचेल.

तर कंप्रेसर. बाजारात दोन तऱ्हा असतात. एक हुकांची जोडी, बाहेरून वेढ्यांना अडकवायची. ती मॅकफर्सन स्ट्रटसाठी (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), बाकावर ठेवून केलेल्या कामाला ठीक. मागच्या वाटीत तिला जागाच मिळत नाही, आणि टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या वेढ्यांवरून हुक घसरतात. दुसरा प्रकार म्हणजे दोन चकत्या आणि मधून जाणारा आट्यांचा दांडा. चकत्या स्प्रिंगच्या पोटात वेढ्यांमध्ये फिरवून बसवायच्या आणि दांडा आर्मच्या तळातल्या भोकातून वर घालायचा. मल्टिलिंकला हाच लागतो. विकत घ्यायचा नसेल तर भाड्याने किंवा मागून आणा, पण दुसऱ्याने काम भागवू नका.

ताई, तुमची स्प्रिंग तुटकी आहे म्हणून एक गोष्ट जास्तीची. खालची चकती तुटलेल्या टोकाजवळ लावू नका. किमान एक पूर्ण अखंड वेढा सोडून वर लावा. दांड्याच्या आट्यांना आणि बेअरिंगला ग्रीस भरा. एअर गन लावायची नाही, हाताचा रॅचेटच. वेढे एकमेकांना टेकेपर्यंत आवळायचं नाही. दोन वेढ्यांतून साखळी ओवून ती गाडीच्या सांगाड्याला बांधून ठेवा. आणि स्प्रिंगच्या रेषेत डोकं कधीच आणू नका, कितीही अडचण झाली तरी.

---

निळीसलून

गाडीचं नाव दिलं नाही ते बरं केलंत, पण वाचणाऱ्यांनी आपल्या गाडीची रचना आधी ओळखावी. बीएमडब्ल्यू ई39 सलूनमध्ये मागची स्प्रिंग शॉकअपच्या भोवतीच असते, वरचे नट मागच्या सीटच्या बाजूची सजावट उघडून मिळतात. ई46 मध्ये स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. जॅग्वारची 1961 सालची मागची रचना, जी ई-टाइपला आली आणि पुढे 1968 च्या एक्सजे6 मध्येही होती, तिच्यात प्रत्येक बाजूला दोन-दोन म्हणजे मागे एकूण चार स्प्रिंगा असतात. तिथे 'जोडी बदला' याचा अर्थ चार.

माझी इस्टेट आहे (मागे सामानासाठी लांब केलेली गाडी), मागे हायड्रॉलिक सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे ओझं वाढलं तरी तेलाच्या दाबाने उंची राखणारी रचना. तिच्या स्प्रिंगा सलूनपेक्षा वेगळ्या, कारण ओझ्याचा काही वाटा तेलाचा दाब आणि नायट्रोजनचे गोळे उचलतात. एका भल्या माणसाने आधीच्या मालकाला साध्या स्प्रिंगा बसवून दिल्या होत्या. मागून गाडी इतकी ताठ झाली होती की रिकामी असताना उडायची. तेव्हा दिसायला सारखी आहे म्हणून घेऊ नका.

---

लांबचीवाट (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. गाडी जागची हलवलेली नाही.

स्प्रिंगचा शोध सुरू केला तेव्हा कळलं की एकाच मॉडेलला डझनभर वेगवेगळ्या स्प्रिंगा आहेत. सनरूफ, टो हूक, स्पोर्ट पॅकेज, खराब रस्त्यांचं पॅकेज, प्रत्येकाने नंबर बदलतो. जुन्या स्प्रिंगवर रंगाचे दोन पट्टे आहेत, एक निळा आणि एक बहुतेक लाल, पण गंजामुळे खात्री नाही. एका विक्रेत्याने 'हीच लागते' म्हणून दिली ती तार मोजली तर 12.5 मिमी भरली. माझी 13 ची आहे. अर्ध्या मिलिमीटरने काय फरक पडतो, असं तो म्हणाला.

---

धातुवेडा

खूप पडतो. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. बाकी सगळं तेच ठेवून 13 ची 12.5 केली तर स्प्रिंग जवळजवळ 15 टक्के मऊ होते. वेढ्यांच्या संख्येचं उलट आहे, वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते. सहा कामाच्या (प्रत्यक्ष दबणाऱ्या) वेढ्यांतला एक गेला तर ताठपणा 20 टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच गाडी खाली आणण्यासाठी स्प्रिंग कापणारे लोक दोन गोष्टी एकदम बिघडवतात, उंची आणि ताठपणा. शिवाय कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही.

आणि स्प्रिंगला वेल्डिंग, गॅस कटर किंवा ॲसिडची धुलाई यातलं काहीही लागू द्यायचं नाही. उष्णतेने पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. ॲसिडने पोलादात हायड्रोजन शिरतो आणि इतक्या कडक पोलादाला तो आतून ठिसूळ करतो.

---

पानाबारा

ती स्प्रिंग परत करा. चासी नंबर देऊन कारखान्याच्या यादीतला नंबर काढा, रंगाच्या पट्ट्यांवर जाऊ नका. सोबत वरची-खालची रबरं नवीन घ्या. काही गाड्यांत, मर्सिडीजमध्ये तर हमखास, ही रबरं वेगवेगळ्या जाडीची येतात आणि कडेवरच्या उंचवट्यांच्या संख्येने ओळखतात. जास्त उंचवटे म्हणजे जास्त जाड. जुन्यावर किती आहेत ते मोजून तेवढ्याचंच घ्या. 5 मिमी जाड रबर म्हणजे चाकापाशी 5 नव्हे, तरफेमुळे साडेसात-आठ मिमी फरक.

ज्या बोल्टला सेल्फ-लॉकिंग नट आहेत ते सगळे नट नवीन. बंप स्टॉप (आर्म पूर्ण वर आला की धक्का झेलणारे रबरी ठोकळे) हाताने दाबून बघा. या वयात ते बिस्किटासारखे भुगा होतात.

---

लांबचीवाट (धागाकर्ती)

काम झालं, पण पूर्ण समाधान नाही. नीट लिहिते.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, चाकांचे बोल्ट जमिनीवरच सैल केले, मग मागची दोन्ही बाजू उचलून स्टँडवर. काढलेली चाकं आडवी करून गाडीखाली सरकवली, स्टँड दगा देईल तर म्हणून. हेडलाइटची उंची आपोआप जुळवणारा सेन्सर आर्मला एका बारीक काडीने जोडलेला आहे, ती काडी आधी सोडवली. अँटिरोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीची) लिंक सोडवली. एबीएसची वायर क्लिपमधून काढून वर बांधली.

उजवीकडची वाटी पाहून वाईट वाटलं. तळाला पाणी जायला भोक आहे, ते चिखलाने सिमेंटसारखं बुजलेलं. वाटीत बोटभर गाळ, खालून ओला. वर्षानुवर्षं शेवटचा वेढा त्या ओल्या गाळात बसून होता. मी दर वर्षी गाडी वरून चकाचक धुते, पॉलिश करते, आणि हे भोक अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

दांड्याचा कंप्रेसर घातला. खालची चकती पानाबारा काकांनी सांगितल्याप्रमाणे एक वेढा सोडून वर. रॅचेटची प्रत्येक ओढ मोजत होते. स्प्रिंग वाटीतून सुटून सैल वाजायला लागली तेव्हा आर्मला जॅकचा आधार देऊन शॉकअपचा खालचा बोल्ट आणि आर्मचा बाहेरचा बोल्ट काढला, आर्म खाली घेतला, स्प्रिंग कंप्रेसरसकट बाहेर. एका बाजूला अडीच तास लागले. त्यातला पाऊण तास एकाच बोल्टने घेतला, तो बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबराच्या) नळीत गंजून बसला होता.

वाटी तारेच्या ब्रशने घासली, टोकदार पेचकसाने जागोजागी टोचून पाहिली. पत्रा शाबूत आहे, कुठे आत गेला नाही. भोक मोकळं केलं, गंजरोधक रंग, त्यावर मेण. नवीन रबर, नवीन स्प्रिंग, टोक रबराच्या खाचेला टेकवून बसवलं. मग डावी बाजू. ती होईपर्यंत अंधार पडला होता.

सगळे बोल्ट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच कसणारा पाना) कसले, चाकं लावली, गाडी खाली घेतली. आणि आता माप बघा: डावीकडे 388, उजवीकडे 375. मॅन्युअलप्रमाणे 370 च्या आसपास हवं. मागून गाडी नाकावर पडल्यासारखी दिसते, आणि डावी-उजवीत 13 मिमीचा फरक. स्प्रिंगांचा नंबर दोन्हीकडे सारखा, रबरं सारखी. मी कुठे चुकले?

---

नवशिका

नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात ना? काही दिवस थांबून पाहायचं का?

---

पानाबारा

बसतात, पण काही मिलिमीटर. अठरा नाही, आणि एकाच बाजूला तर नाहीच.

ताई, आर्मचे बोल्ट कसताना चाकं हवेत होती का?

---

लांबचीवाट (धागाकर्ती)

हो. सगळे बोल्ट स्टँडवर असतानाच कसले.

---

पानाबारा

मग उंचीचा अर्धा उलगडा झाला. रबरी बुश म्हणजे बेअरिंग नाही. आतली लोखंडी नळी बोल्टने घट्ट आवळली जाते, बाहेरची आर्ममध्ये पक्की असते, आणि आर्म हलला की मधलं रबर पिळतं. आर्म लोंबकळत असताना बोल्ट कसला तर रबराची निवांत जागा ती ठरते. गाडी खाली आली की सगळे बुश कायम पिळलेले राहतात आणि आर्मला खाली ढकलत राहतात. म्हणून गाडी उंच. तसंच ठेवलंत तर थोड्याच दिवसांत रबर फाटेल.

उपाय सोपा. गाडी चाकांवर असताना, चाकांखाली मजबूत फळ्या किंवा रॅम्प ठेवून खाली शिरायला जागा करा. आर्मचे बोल्ट सैल करा, गाडी दोन-तीनदा पुढे-मागे ढकला, मागचा भाग दाबून सोडा, मग बोल्ट टॉर्कला कसा. रॅम्प नसेल तर हबखाली (चाक ज्यावर बसतं त्या भागाखाली) जॅक लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत 370 भरेल इतका उचलायचा आणि तिथे कसायचं. फक्त स्टँडवरून गाडी उचलली जात नाही ना, यावर लक्ष ठेवा.

13 मिमीचा फरक मात्र बुशचा वाटत नाही. डावीकडे स्प्रिंगचं टोक कुठे आहे ते बघा.

---

लांबचीवाट (धागाकर्ती)

काका, तुम्ही गाडी न पाहता ओळखलंत.

बोल्ट सैल करताच आर्ममधून कुरकुर आवाज आला आणि मागचा भाग डोळ्यांदेखत खाली आला. पुढे-मागे ढकलून, पुन्हा कसून मोजलं: डावीकडे 380, उजवीकडे 367. उजवी जागेवर आली.

मग डावीकडे आरसा आणि टॉर्च घेऊन पाहिलं. रबराला एक पायरी असते, तारेचं टोक तिच्या पायथ्याशी टेकायला हवं. माझ्या हातून कंप्रेसर सोडताना स्प्रिंग थोडी फिरली होती आणि टोक पायरीच्या डोक्यावर चढून बसलं होतं. उजवीकडे मी स्प्रिंगवर आणि आर्मवर रंगाचा ठिपका देऊन दोन्ही ठिपके समोरासमोर ठेवले होते. डावीकडे अंधारात तेवढंच राहिलं.

पुन्हा सगळं उघडलं. या वेळी आधी ठिपके, मग कंप्रेसर. टोक पायरीला टेकतं तेव्हा हाताला हलकासा 'टक्' जाणवतो, तो आला. बोल्ट फळ्यांवर उभं करूनच कसले. आता डावीकडे 369, उजवीकडे 367.

---

गॅरेजवाला

छान काम. आता अलाइनमेंट करून घ्या. मल्टिलिंकमध्ये उंची बदलली की टो (वरून पाहिलं तर चाक आत-बाहेर वळलेलं असणं) आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही बदलतात, मागचे टायर आतून खाल्ले जातील. आणि हेडलाइटची पातळी तपासा. सेन्सरची काडी जोडताना एक खाच इकडेतिकडे झाली तरी समोरच्याच्या डोळ्यावर उजेड जातो.

---

लांबचीवाट (धागाकर्ती)

अलाइनमेंट झाली. मागे डावीकडचा टो मर्यादेबाहेर होता, जुळवला. हेडलाइट भिंतीसमोर उभं राहून जुळवले. पाचशे किलोमीटरनंतर माप 366 आणि 364.

धातुवेडा, तुमच्यासाठी तुटलेलं तोंड. फोटो नीट येत नाही म्हणून शब्दांत सांगते. तुटलेला पृष्ठभाग आडवा सपाट नाही, तारेला साधारण 45 अंशांत तिरका, जिन्यासारखा वळत गेलेला. बराचसा भाग करडा, दाणेदार, चमकणारा. पण एका कडेला नखाच्या चंद्राएवढा डाग आहे, काळपट तपकिरी. तो डाग बरोबर रबराला टेकणाऱ्या बाजूला आहे.

---

धातुवेडा

अप्रतिम निरीक्षण. 45 अंश ही पिळाने तुटल्याची खूण. करडा भाग त्या पहाटेचा. तपकिरी चंद्र ही जुनी भेग, तिच्यात पाणी शिरून गंज धरण्याइतकी जुनी. म्हणजे तुम्ही गाडी चालवत होतात त्या काळात ती भेग तिथे होती.

एक विनंती आहे. डावी स्प्रिंग, जी तुटली नव्हती, ती टाकली नसेल तर त्याच जागी तपासून पाहाल का? वेल्डिंगच्या तपासणीला लाल रंगाचा आणि पांढऱ्या पावडरीचा स्प्रे मिळतो, डाय पेनिट्रंट म्हणतात. जागा स्वच्छ करून लाल मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पूर्ण पुसून टाकायचं, मग पांढरा. भेग असेल तर आत शिरलेला लाल रंग वर येतो.

---

लांबचीवाट (धागाकर्ती)

केलं. डाव्या स्प्रिंगचा शेवटचा भाग ब्रशने आणि थिनरने धातू दिसेपर्यंत साफ केला. नुसत्या डोळ्यांना गंजाचे चार-पाच बारीक खड्डे दिसत होते, बाकी काही नाही. बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं. लाल मारून पंधरा मिनिटं थांबले, कपड्याने पुसलं, पांढरा मारला.

पहिलं मिनिटभर सगळं पांढरं राहिलं. मग उजवी जिथे तुटली होती बरोबर तिथेच, टोकापासून सव्वा वेढ्यावर, खालच्या अंगाला एक गुलाबी रेघ उमटली आणि बघता बघता लाल झाली. टेप लावला. 7 मिमी.